मदत हवी आहे: तिजोरी भिंतीला बसवायची आहे, फास्टनर धरतच नाही

निशिगंध_ठाणे
स्टीलची तिजोरी घेतली आहे, रिकामी ६२ किलो. मागे चार भोकं आहेत. बेडरूमच्या भिंतीत अँकर फास्टनर मारले, पण पाना फिरवला की फास्टनर जागेवरच गरगर फिरतो, आवळतच नाही. मोठ्या साइझचा टाकला तरी तेच. घरात लग्न आहे, दागिने त्याआधी आणायचे आहेत. कुठला फास्टनर घ्यायचा तेवढं सांगा. लवकर.

कोबा
भिंत कसली आहे?

निशिगंध_ठाणे
प्लास्टर आणि रंग. साधी भिंत आहे हो.

कोबा
प्लास्टरच्या आत काय आहे ते विचारतोय. भुकटी कुठल्या रंगाची पडली? लाल म्हणजे वीट. करडी, आणि ड्रिल रेटावं लागलं, तर काँक्रीट. पांढुरकी, आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं, तर सिपोरेक्स, म्हणजे हलके, सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे.

निशिगंध_ठाणे
पांढरी. भसकन आत गेलं.

माहेरवाशीण
एवढे दागिने घरी कशाला ठेवता? बँकेत लॉकर घ्या आणि शांत झोपा.

तळेगावकर
ताई, चोरी झाली तर बँकेची जबाबदारी किती असते? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वार्षिक भाड्याच्या १०० पट, बस. भाडं ३००० असेल तर ३ लाख. आजच्या सोन्याच्या भावात त्यात काय येतं?

माहेरवाशीण
२०२२ च्या आधी तर बँका हात वर करायच्या. १०० पट तरी मिळतात. घरच्या तिजोरीचे कोण देणार?

कोबा
लॉकरचा वेगळा धागा काढा, प्लीज. निशिगंध, तुमची भिंत सिपोरेक्सची आहे. फास्टनर आवळला की त्याची बाही फुगते आणि ठोकळा आतल्या आत चुरडतो. मोठा फास्टनर म्हणजे मोठा चुरा. साइझ वाढवत बसू नका.

रोटरी_हॅमर
केमिकल अँकर लावा. भोक ब्रशने आणि पंपाने नीट साफ करायचं, रेझिन भरायचं, आटेवाली सळई फिरवत आत घालायची, सुकू द्यायचं. माझा ५५ इंची टीव्ही सिपोरेक्सवर असाच आहे. हलत नाही.

तळेगावकर
टीव्ही मुख्यतः खाली ओढतो. तिजोरीमागे चोर पहार घालतो, तेव्हा फास्टनर सरळ बाहेर ओढला जातो. रेझिन सुटणार नाही, रेझिनसकट ठोकळ्याचा तुकडा बाहेर येईल. भिंतीतच ठेवायची तर सळई आरपार काढून पलीकडून ६ मिमीची लोखंडी पट्टी लावा.

रोटरी_हॅमर
आरपार? पलीकडे बाथरूम असलं तर? वॉटरप्रूफिंगची वाट लावायची का?

तळेगावकर
म्हणून तर विचारतोय, पलीकडे काय आहे?

निशिगंध_ठाणे
मुलांची खोली. त्या बाजूला त्यांचं कपाट आहे.

सोनचाफा
डिजिटल लॉकचे सेल दर वर्षी बदला आणि जादा किल्ली तिजोरीतच ठेवू नका. आमच्या नात्यात सेल संपले आणि किल्ली आत. दार कापावं लागलं.

निशिगंध_ठाणे
माझी किल्लीची आहे. मूळ प्रश्नाचं बोला ना कोणीतरी.

पाटीलकाका
तिजोरीच्या तळाला भोकं आहेत का?

निशिगंध_ठाणे
आहेत दोन, रबरी बुचं लावलेली. बसवायला आलेल्या माणसानेही तिकडे पाहिलं नाही.

पाटीलकाका
मग भिंतीचा नाद सोडा. खाली स्लॅब आहे, घरातली सगळ्यात भरवशाची जागा तीच. तिजोरी कोपऱ्यात ठेवा, म्हणजे दोन बाजूंनी पहार घालायला जागा उरत नाही. टाइलला आधी हॅमर बंद ठेवून टाइलचा बिट लावा, नाहीतर तडा जाईल. टाइल आणि खालचा माल मिळून दोन-अडीच इंच जातात, त्यात फास्टनर धरत नाही, तो स्लॅबमध्येच फुगला पाहिजे. म्हणून १० मिमी जाडीचा, १५० मिमी लांबीचा घ्या. स्लॅब साधारण ५ इंचांचा असतो, त्यात अडीच इंचांच्या पुढे जाऊ नका, खालच्यांचं छत आहे ते.

कोबा
काका, नव्या बिल्डिंगमध्ये वायरचे पाइप फ्लोअरिंगमधून नेलेले असतात. ड्रिलच्या आधी बिल्डरकडून इलेक्ट्रिकचा नकाशा मागवा. जवळच्या भिंतीत तळाशी प्लग पॉइंट असेल तर तो कोपरा नकोच.

निशिगंध_ठाणे
त्या कोपऱ्यात एसीचा पॉइंट आहे, पण वर, छताजवळ.

कोबा
त्याची वायर बहुतेक वरून आली असेल. तरी नकाशा बघाच.

तळेगावकर
खाली दोन बोल्ट, आणि मागे वरच्या दोन भोकांतून आरपार सळई. पट्टी मुलांच्या कपाटामागे लपेल. दोन्ही करा.

पाटीलकाका
खालचे दोन नीट बसले तर वरच्यांची गरज नाही.

तळेगावकर
काका, दोन बोल्टवर तिजोरी पुढे ओणवी होते. वर धरलीच पाहिजे.

निशिगंध_ठाणे
नकाशा मागवलाय. उद्या रोटरी हॅमर भाड्याने आणतोय, आधी खालचे दोन मारतो.

भाडेकरू_कोथरूड
माझीही ४० किलोची आहे, पण घर भाड्याचं. मालक भोक पाडू देत नाहीत. प्लायच्या कपाटाला आतून स्क्रूने बसवली तर चालेल का?

पाटीलकाका
नाही. चोर कपाटाचा तळ फोडून तिजोरी घेऊन जाईल. मालकांना दोन भोकांची लेखी परवानगी मागा, जाताना टाइल बदलून देतो म्हणा.