मदत हवी आहे: घरी बनवलेला कॅबिनेटचा आयआर डब्यातून आल्यासारखा वाजतो

मंडळी, माझ्या १२ इंची स्पीकरच्या गिटार कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स (आयआर, म्हणजे कॅबिनेटच्या आवाजाचा डिजिटल ठसा) बनवतोय. तयार आयआर बरेच वापरून पाहिले, पण मला याच कॅबिनेटचा आवाज हवाय.

ट्यूब अँपचा रंग आवाजात मिसळू नये म्हणून ट्रान्झिस्टर पॉवर अँप घेतला. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झचा साइन स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) वाजवून रेकॉर्ड केला, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एसएम५७ माइक जाळीपासून ३ सेंमीवर, डस्ट कॅपच्या (स्पीकरच्या मधल्या टोपीच्या) कडेसमोर. लेव्हल कुठेही क्लिप नाही. डिकॉन्व्होल्यूशनही (रेकॉर्डिंगमधून आयआर काढणं) नीट झालं.

तरी पाम म्यूट केलं (तळव्याने तारा दाबून वाजवलं) की जाड तारा डब्यातून आल्यासारख्या वाजतात. आयआरचा वेव्हफॉर्म मोठा करून पाहिला, तर मुख्य टोकानंतर ३ मिलिसेकंदांच्या किंचित आधी एक छोटा उंचवटा दिसतो. माइक जमिनीपासून ५० सेंमीवर आहे, म्हणजे आवाज फरशीवर आपटून परत येतोय, हा माझा अंदाज. आयआर तिथेच कापला तर साधारण ३५० हर्ट्झखालचा तपशील जातो, आणि तोच तर मला जपायचाय!

कॅबिनेट उंचावर ठेवू, की फरशीवर जाड रजई पुरेल? की हा उंचवटा कॅबिनेटच्या आतलाच असेल? ओळखायचं कसं? कुणी स्वतः करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.