आप्पांचा ८० वा वाढदिवस आणि परत आलेली एक शुभेच्छा

आप्पा :
काल वयाची ८० वर्षे पूर्ण झाली. ज्यांनी प्रत्यक्ष येऊन, फोन करून किंवा या ग्रुपवर लिहून शुभेच्छा दिल्या, त्या सर्वांचा मी आभारी आहे. बाकी सर्व शुभेच्छा आनंदाने ठेवून घेतल्या आहेत. एक मात्र परत करायची आहे. ‘आता काही करू नका, फक्त विश्रांती घ्या’ असे जवळजवळ प्रत्येकाने लिहिले आहे, आणि त्याच प्रेमापोटी काल दिवसभर मला कशालाही हात लावू दिला नाही. पाण्याचा पेला हातात आला, कपड्यांच्या घड्या परस्पर झाल्या, झाडांना पाणी कोणी घातले ते कळलेही नाही. संध्याकाळपर्यंत मी आपल्याच घरात पाहुणा झालो होतो. वाढदिवस एका दिवसाचा असतो म्हणून गप्प राहिलो. परंतु हीच व्यवस्था यापुढे कायम ठेवण्याचा विचार थोरल्याने बोलून दाखवल्यामुळे सविस्तर लिहिणे भाग आहे.

माझी दिनचर्या बाहेरून पाहणाऱ्याला हट्टी वाटते, हे मला ठाऊक आहे. मात्र तिच्यातील बहुतेक गोष्टींना कारण आहे. वय वाढते तसे शरीरातले घड्याळ अलीकडे सरकते, रात्री लवकर पेंग येते, गाढ झोपेचा वाटा कमी होतो आणि पहाटे जाग येते ती येतेच. त्यानंतर अंथरुणात पडून छताकडे पाहत राहण्याला विश्रांती म्हणता येत नाही. जाग आल्यावर मी पलंगाच्या कडेला पाय सोडून थोडा वेळ बसतो, कारण आडवे असताना एकदम उभे राहिल्यास रक्तदाब खाली येतो आणि या वयात शरीराला तो सावरायला वेळ लागतो. पाणी मी तहानेवर न सोडता घड्याळ पाहून पितो, कारण म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते. गोळ्या आठवड्याच्या डबीत स्वतः भरतो, म्हणून कोणती कशासाठी आहे हे मला माहीत असते. यातले प्रत्येक काम दुसरे कोणीही माझ्यापेक्षा लवकर करील, याबद्दल वाद नाही. पण मला लवकर आटोपून पुढे जायचे तरी कुठे आहे?

वाढदिवसाबद्दल मनात आले ते थोडक्यात लिहितो. पूर्वी त्या दिवशी पहिला फोन कोण करणार, अशी आम्हा मित्रांत चढाओढ असे. काल त्यांच्यापैकी एकाचाच फोन आला, आणि तोही त्याच्या मुलीने लावून दिला होता. आम्ही दोघे बहुतेक वेळ ‘ऐकू येते का?’ एवढेच एकमेकांना विचारत होतो, तरी कालच्या सगळ्या दिवसात मला ते बोलणे सर्वांत अधिक आवडले. बाकीच्यांचे नंबर मी फोनमधून काढलेले नाहीत, आणि फोन साफ करून देण्याच्या निमित्ताने कोणी काढू नयेत.

थोरला मुलगा :
आप्पा, तुमचे म्हणणे वाचले. कामे काढून घेण्यामागे तुम्हाला निरुपयोगी ठरवण्याचा हेतू नव्हता, एवढे आधी नोंदवतो. माझी खरी काळजी तुमच्या पहाटेच्या फिरण्याची आहे. अंधारात, फोन घरी ठेवून, एकट्याने बाहेर पडणे ही तुमच्या स्वातंत्र्याची बाब आहे असे तुम्ही म्हणाल. परंतु तुम्ही परत येईपर्यंत आम्ही दोघे दाराकडे कान लावून जागे असतो, हेही या चर्चेत यायला हवे.

आप्पांची धाकटी बहीण :
दादा, तुझी बाजू मला पटते, कारण घरातल्यांनी माझ्या हातातले एकेक काम असेच प्रेमाने काढून घेतले आणि नंतर ‘आत्या हल्ली फारशी बोलत नाही’ असे तेच म्हणू लागले. तरी एक सांगते, राग मानू नकोस. हे गेल्यानंतर मी रोजचा क्रम इतका घट्ट धरला की वर्षअखेरीस मागे वळून पाहताना काहीच वेगळे आठवेना. सगळे दिवस एकसारखे गेले की मनात त्यांच्या वेगळ्या खुणा राहत नाहीत, आणि मग सरलेले वर्ष फारच लहान वाटू लागते. म्हातारपणी काळ वेगाने पळतो असे आपण म्हणतो, त्यामागे हेही एक कारण असावे. आता आठवड्यातली एक दुपार मी मुद्दाम मोकळी ठेवते आणि त्या दुपारी नेहमीचे काहीही करत नाही. तू तर वाचायचे पुस्तकही ठरलेल्या तासालाच उघडतोस.

नात :
आप्पाआजोबा, फिजिओथेरपी शिकत असल्यामुळे तुमच्या बाजूने आणि तुमच्या विरुद्ध, दोन्ही लिहिते. काम करू द्यावे, हे तुमचे म्हणणे योग्यच आहे. वापरात नसलेले स्नायू या वयात फार लवकर क्षीण होतात आणि काही दिवस नुसते पडून राहण्यानेही पायांतली ताकद कमी होते. मात्र ‘मी रोज फिरतो’ एवढ्यावर समाधान मानू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तीने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि त्याशिवाय किमान ३ दिवस तोल सांभाळण्याचे व ताकदीचे व्यायामही करावेत, म्हणजे पडण्याचा धोका कमी होतो. तुमच्या दिनचर्येत हा दुसरा भाग अजिबात नाही.

घरी करण्यासारखी एक साधी चाचणी आहे. भिंतीला टेकवलेल्या साध्या खुर्चीत, हात छातीवर घडी घालून बसायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून परत बसता येते ते मोजायचे. ८० ते ८४ वयाच्या पुरुषाला १० पेक्षा कमी वेळा उठता आले, तर पायांतली ताकद सरासरीपेक्षा कमी आहे आणि पडण्याचा धोका अधिक आहे असे समजतात. शेजारी कोणीतरी उभे असल्याशिवाय ही चाचणी करू नका.

आप्पा :
चाचणी रविवारी तू आलीस की करू. बहिणीच्या मोकळ्या दुपारचा मला थोडा हेवा वाटला, पण लगेच होकार देत नाही, विचार करतो. चाचणीवरून खुर्चीचा विषय निघालाच आहे, तर तोही बोलून टाकतो. काल मला पाय वर करून पडता येईल अशी मोठी आरामखुर्ची भेट मिळाली. ती फार सुखाची आहे, आणि तिच्यातून उठताना कोणाला तरी हाक मारावी लागते. आधी हाक मारावी लागणार, मग कोणीतरी तिथेच बसून राहणार, आणि शेवटी मीही उठायचे टाळणार. त्यापेक्षा ती बहिणीकडे तिच्या मोकळ्या दुपारसाठी पाठवावी, असा माझा प्रस्ताव आहे.

धाकटी सून :
आप्पा, खुर्ची निवडणाऱ्यांत मी होते, तरी मला वाईट वाटले नाही. मग तुम्हाला खरोखर काय हवे आहे, ते तुम्हीच सांगा.

आप्पा :
वाचायला चांगला दिवा. चष्म्याचा नंबर बदललेला नाही, तरी संध्याकाळी अक्षरे पुसट दिसतात. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही. त्यामुळे विशीत डोळ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोहोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोहोचतो. मी तर साठी ओलांडून बराच पुढे आलो आहे.

फिरण्याबद्दल थोरल्याला उत्तर राहिले. दाराकडे कान लावून जागे राहता, हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. उजाडल्याशिवाय बाहेर पडणार नाही आणि फोन खिशात ठेवीन. जाग आल्यापासून उजाडेपर्यंतच्या वेळात नातीने सांगितलेले तोल सांभाळण्याचे व्यायाम भिंतीला धरून करता येतील. मात्र सोबतीला कोणी येऊ नये. कपड्यांच्या घड्या, झाडे आणि गोळ्यांची डबी आजपासून पुन्हा माझ्याकडे.

थोरला मुलगा :
मान्य आहे. एकच विनंती, गोळ्यांची डबी भरून झाल्यावर मला एकदा पाहू द्यावी.

आप्पा :
पाहा, पण माझ्यादेखत.

धाकटी सून :
दिव्याचे मी पाहते. टेबलाच्या कोणत्या बाजूला लावायचा?

आप्पा :
डाव्या. मी उजव्या हाताने लिहितो. उजवीकडून प्रकाश आला की हाताची सावली अक्षरांवर पडते.