मदत हवी आहे: वारुळावरची आणि गोठ्यामागची अळंबी एकच का?

सावंतवाडी तालुक्यात जंगलाला लागून घर आहे. पाऊस जरा उघडला तशी जुन्या वारुळाभोवती अळंबी आली. छत्री राखाडी-तपकिरी, मधोमध चांगलं टणक टोक, कडा चिरलेल्या. खालच्या पट्ट्या पांढऱ्या, देठाला न चिकटलेल्या. हळूहळू उकरलं तर देठ मुळासारखा निमुळता होत वीतभर खाली गेला, मग तुटला. सासूबाई म्हणतात, हीच आपली खायची अळंबी.

गोठ्यामागे गवतातही पांढरी, ताटलीएवढी अळंबी आली आहे. वर तपकिरी खवले, देठाला कडं. शेजारच्या काकी म्हणाल्या, चांदीचा चमचा घालून शिजवा, काळा पडला नाही तर खा. घरात लहान मुलं आहेत, म्हणून विचारते.

प्रतिसाद

ताई, चमच्यावर अजिबात विसंबू नका. लसूण, चांदी, किडे लागलेत का, यातल्या कशानेही विष कळत नाही. अमानिटा नावाच्या गटातल्या काही अळंब्यांचं विष शिजवूनही जात नाही. उलट्या सुरू व्हायला सहा-बारा तास किंवा जास्तही लागतात आणि तोवर यकृतावर घाला पडलेला असतो.

पहिलीचं वर्णन टर्मिटोमायसिस या अळंबीच्या गटाशी जुळतं. वाळवी वारुळात हिची बुरशी पोसते, तो लांब देठ तिथूनच वर येतो. माती फोडायला ते टोक. वाळवीशिवाय ही येत नाही, म्हणून वारूळ फोडू नका. मात्र कड्यावरून निवाडा करू नका, हिच्या काही जातींनाही कडं असतं. देठाच्या बुडाशी पिशवी दिसली तर हातही लावू नका, ती अमानिटाची खूण.

दुसरी मला क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ही विषारी अळंबी वाटते. देठ कापून छत्र्या पांढऱ्या कागदावर पालथ्या घाला, वर वाडगा झाका, रात्रभर ठेवा. पट्ट्यांमधून पडणाऱ्या बारीक भुकटीचा ठसा कागदावर उमटतो: टर्मिटोमायसिसचा फिकट गुलाबीसर, क्लोरोफायलम मॉलिब्डायटिसचा हिरवट. ही हिरवट ठशाची खाल्ली तर काही तासांत जोराच्या उलट्या-जुलाब होतात. ठसा गुलाबी आला तरी फोटो किंवा माझ्या शब्दावर शिजवू नका, वाडीतल्या जाणत्या माणसाला अळंबी मुळासकट दाखवा.

धागाकर्ती

खूप आभार. गोठ्यामागचीचा ठसा स्पष्ट हिरवा आला, सगळी उपटून खोल पुरली. काकींनाही कागद दाखवला. वारुळावरचीचा गुलाबीसर आहे. जंगलातून दरवर्षी अळंबी आणणारे एक आजोबा वाडीत आहेत, ते बघेपर्यंत चूल पेटणार नाही.