फीका, कनेलबुले आणि आपली दालचिनी

वळणवेडी
स्टॉकहोमला असलेला भाचा परवा फोनवर म्हणाला, "मावशी, ठेवतो, फीकाला चाललोय." मी म्हटलं, अरे फिका कशाला, साखर घाल की! तर तिकडे फीका म्हणजे काम बाजूला ठेवून चार जणांनी कॉफीला बसणं, आणि सोबत बहुतेक वेळा कनेलबुले, म्हणजे दालचिनी घातलेला गोड बन. हे मराठीत काय म्हणून लिहावं? बन, पाव की रोल? 'फीका'ला तरी आपल्याकडे शब्द आहे का?

उत्तरवारा
तुमचा फिका चहा आणि हा फीका यांचा काही संबंध नाही. काफी उलटी केली की फीका! स्वीडिशमध्ये कॉफीचं एक जुनं रूप 'काफी' होतं, त्याची अक्षरं एकोणिसाव्या शतकातल्या बोलभाषेत उलटली. आपण लहानपणी 'च'ची भाषा बोलायचो, तसलाच चावटपणा. स्वीडिशमध्ये हे क्रियापदही आहे. मराठीत 'चहापाणी' जवळचा, पण तो सरकारी कचेरीत भलताच अर्थ घेतो.
बुलेचं म्हणाल तर आतल्या दालचिनीइतकीच कणकेतली वेलची महत्त्वाची. वर जाड पांढरी साखर असते, ती भट्टीतही विरघळत नाही, दाताखाली कुरकुरते. पहिल्या महायुद्धाच्या टंचाईनंतर, १९२० च्या दशकात हे बन दिसू लागले. लोणी-साखर परवडू लागल्यावर, १९५० च्या सुमारास, घरोघरी झाले. ४ ऑक्टोबर हा त्यांचा दिवस १९९९ पासून पाळतात. सुरू केला घरगुती बेकिंगचा प्रसार करणाऱ्या एका मंडळाने, त्यामुळे त्यात मैदा-साखर खपवण्याचा हिशोबही असणारच. पण लोकांनी तो मनापासून उचलला.

धातुसाधित
'दालचिनी'त डाळ नाही आणि हिंदीतली चीनी, म्हणजे साखर, तीही नाही. फारसी 'दार-चीनी', म्हणजे चीनचं लाकूड. हा 'दार' आपल्या देवदारातल्या 'दारु'चा भाऊबंद. संस्कृतात नुसतं 'त्वच्', साल. स्वीडिश 'कनेल' फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला, मूळ अर्थ बारीक नळी, बोरू. गंमत म्हणजे मसालेवाले गुंडाळीच्या दालचिनीला 'कलमी' म्हणतात, आणि कलम म्हणजेही बोरूच. कोणी लाकूड पाहिलं, कोणी साल, कोणी नळी.

पोळपाट
आणि शेजाऱ्यांनी बनात काय पाहिलं तेही ऐका. डॅनिश लोक त्याला दालचिनीची गोगलगाय म्हणतात. नॉर्वेत बर्गनला 'शिलिंगबोले', एका शिलिंगला मिळायचा म्हणून. शिलिंग जाऊन १८७५ साली क्रोन हे चलन आलं, बनाचं नाव तेच राहिलं. फिनलंडमध्ये 'कोर्वापूस्ती', शब्दशः कानशिलात! गुंडाळीचे तिरके तुकडे कापून मधोमध बोट दाबतात, मग दोन्ही बाजूंच्या वळ्या कानासारख्या बाहेर येतात. "दोन कानशिलात द्या" असं बेकरीत हसू न येता मागायचं.

वळणवेडी
हे वाचून काल करून पाहिला. मैदा मळून फुगवला, लाटला, लोणी-साखर-दालचिनी फासली, गुंडाळी केली आणि सुरी हातात घेतल्यावर लक्षात आलं, अहो, ही तर बाकरवडी! सासूबाई म्हणाल्या, "अळूवडी म्हण, फासून गुंडाळतो ती." मग 'दालचिनी वडी' म्हणावं का?

धातुसाधित
नको. वडी म्हटलं की लोक ताटात थापलेली, चौकोनी कापलेली समजतील. पावही नको, त्याला मिसळीचा वास येतो. 'दालचिनी बन' ठीक, बनमस्क्यामुळे बन आपला झालाच आहे. पण गोष्ट स्वीडनची असेल तर कनेलबुलेच लिहा. गोगलगायीला आणि कानशिलाला एकच नाव दिलं तर मजाच गेली.

उत्तरवारा
सहमत. फक्त अनेकवचन सांभाळा. स्वीडिशमध्ये एक 'बुले', अनेक 'बुलर'. इथे स्वीडनमधल्या मराठी घरांत मात्र 'बुले' हेच अनेकवचन ठरलंय, कारण कानाला घोडे-आंबे-पेढेसारखं लागतं. आमच्याकडे मुलगी सरळ म्हणते, "बाबा, एक बुला उरलाय, अर्धा तुला."

वळणवेडी
म्हणजे पुल्लिंगी! मी उगाच 'तो' की 'ते' यावर अडून बसले होते.