प्राध्यापक संघटना, अधिसभा, विकास समिती : तुमचे अनुभव लिहा

आमच्या कॉलेजात गेल्या महिन्यात महाविद्यालय विकास समितीची निवडणूक झाली. शिक्षकांच्या जागा तीन, अर्जही तीनच. नव्याने लागलेल्या एका सहकारी बाईंनी विचारलं, "सर, ही समिती करते तरी काय?" कायद्यातलं उत्तर तयार होतं. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याचं कलम ९७, वर्षातून किमान चार बैठका, अंदाजपत्रकापासून नव्या अभ्यासक्रमापर्यंत सगळं समितीपुढे यायला हवं. पण त्यांना ते नको होतं, खरं काय घडतं ते हवं होतं. म्हणून हा धागा. अधिसभा (म्हणजे विद्यापीठाची सिनेट), विषयाचा अभ्यासक्रम ठरवणारं अभ्यास मंडळ, संघटनेची शाखा, काहीही चालेल. कॉलेजचं नाव लिहू नका, प्रसंग मात्र नीट लिहा.

सुरुवात मी करतो. मागच्या खेपेला मी या समितीवर होतो. एका शुक्रवारी तास संपवून स्टाफरूममध्ये आलो तर शिपाई इतिवृत्ताचं रजिस्टर घेऊन उभा. "सर, एवढी सही." पंधरा दिवसांपूर्वीच्या तारखेची बैठक, विनाअनुदानित तुकडीची फीवाढ 'सर्वानुमते मंजूर'. बैठक झालीच नव्हती. माझ्या आधीच्या पाच सह्या झालेल्या होत्या, त्यातल्या दोन माझ्याच संघटनेतल्या मित्रांच्या. मी सही केली आणि खाली लिहिलं : 'या बैठकीची सूचना मला मिळाली नाही.' हात थरथरत होता, अक्षर अजून तसंच दिसतं. पुढची बैठक खरोखर बोलावली गेली. मला मात्र सकाळी सात-वीसचे तास लागले, ते वर्षभर राहिले.

निवृत्त प्राध्यापिका, सातारा जिल्हा

२०१३ चा परीक्षा बहिष्कार. एमफुक्टोच्या, म्हणजे राज्यातल्या प्राध्यापक संघटनांच्या महासंघाच्या हाकेवर ४ फेब्रुवारीला सुरू झाला तो मे उजाडला तरी चालूच. आम्ही वर्गात शिकवत होतो, फक्त परीक्षेच्या कामाला हात लावत नव्हतो. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेटचा, म्हणजे प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षेचा प्रश्न, या मुख्य मागण्या. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेल्या बिगर नेट-सेट प्राध्यापकांचं सगळंच अधांतरी होतं. माझी नेमणूक त्याआधीची, मला काही मिळायचं नव्हतं. पण माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण १९९४ ची. निवड समितीतून रीतसर आलेली, उत्तम शिकवणारी. तिच्यासाठी मी उतरले.

त्या काळात एका विद्यार्थिनीची आई घरी आली. चहा घेतला नाही. "बाई, पोरीचा निकाल लांबला तर पुढचा प्रवेश जाईल," एवढंच म्हणाली आणि बसून राहिली. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. बहिष्कार चुकीचा होता असं मला वाटत नाही. पण त्या बाईचं बसून राहणं मी विसरलेले नाही, विसरूही नये.

आमचा ७१ दिवसांचा पगार कापला गेला आणि तो मिळवण्यासाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली. घरात दोघंही प्राध्यापक, त्यामुळे घराचा हप्ता भरायला दिराकडून पैसे घेतले. २७ जून २०१३ ला शासननिर्णय आला, पण बिगर नेट-सेट लोकांच्या सेवा त्या दिवसापासून धरल्या. म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांसारखीच माझी मैत्रीण जुन्या पेन्शनबाहेर. एकोणीस वर्षं शिकवलेलं कागदावर नाहीच. निर्णय वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचला.

माजी अधिसभा सदस्य, विदर्भ

अधिसभेत गेलो तेव्हा वाटलं होतं, बोलता येतं म्हणजे झालं. मतमोजणीच्या रात्री पसंतीक्रम, कोटा, बाद होणाऱ्या उमेदवाराची मतं कुणाकडे जातात, हे समजून घेताना पहाट झाली. खरी शिकवणी पुढे होती. पुनर्मूल्यांकनाचे निकाल का रखडतात, हा माझा पहिला प्रश्न. छापील उत्तर आलं : 'माहिती संकलित करण्यात येत आहे.' पुढच्या बैठकीला तोच प्रश्न, तेच उत्तर.

नुटा ही आमची विदर्भातली प्राध्यापक संघटना. तिथल्या ज्येष्ठांनी मला बाजूला घेतलं आणि विद्यापीठाच्या परिनियमांची प्रत हातात दिली. नुटाच्या बुलेटिनमध्ये शासननिर्णय आणि कोर्टाचे निकाल जसेच्या तसे छापलेले असत. प्रा. बी. टी. देशमुख सरांच्या पिढीने लावलेली ही शिस्त : आधी कागद वाचा, मग उभे राहा. तिसऱ्या वेळी मी उपप्रश्न विचारला, कोणत्या अधिकाऱ्याने किती दिवसांत निकाल द्यायचा हे नियमातूनच वाचून दाखवलं. सभागृह शांत झालं. महिन्याभरात त्या परीक्षेचे निकाल लागले.

अभ्यास मंडळ सदस्य, खानदेश

थोडक्यात सांगतो. नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर आला, सकाळी अकराला मंजूर. मी दोन संदर्भग्रंथ बदलायला सांगितले, ते बदलले. क्रेडिटबद्दल बोललो तर 'वरून आलंय'.

तासिका तत्त्वावर, मराठवाडा

तासाप्रमाणे पैसे घेऊन शिकवते, कायम नाही. अकरा वर्षं झाली. अधिसभेची मतदारयादी लागली की मी नोटीस बोर्डापुढे उभी राहते. नाव नसणार हे माहीत असतं, तरी बोट फिरवते. एकदा एक कायम सर म्हणाले, "अहो, तुमचं नसणारच." वाईट हेतू नव्हता त्यांचा.

२०१८ च्या सप्टेंबरात बेमुदत आंदोलन झालं तेव्हा मीही मोर्चात होते. प्राध्यापक भरती हीच आमच्यासाठी मोठी मागणी. नोव्हेंबरात ३,५८० सहायक प्राध्यापक पदं भरायला परवानगी मिळाली. माझ्या विषयाची, माझ्या प्रवर्गाची जागा आमच्या संस्थेत निघाली नाही. तरी मोर्चात गेल्याचं दुःख नाही. दुःख याचं आहे की स्टाफ मीटिंगला आम्हाला बोलावतात ते खुर्च्या भरायला, विषयपत्रिकेवर आमचं बिल कधीच नसतं. जूनचे तास, पैसे मार्चमध्ये.

धागाकर्ता

ताई, शनिवारी अकरा वाजता आमच्या समितीची बैठक आहे. तासिकेच्या बिलांचा विषय मी आज लेखी दिला, पोच घेतली आहे. उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात बिल कधी गेलं, त्रुटी काढून परत कधी आलं, या तारखा तुमच्याकडे असतील तर कळवा. बाकीच्यांनीही आपापल्या कॉलेजच्या तारखा लिहा, शुक्रवार संध्याकाळपर्यंत.