'म्हणे' चालेल का?

प्रश्न : जॉर्ज बेंजामिनचा 'रिटन ऑन स्किन' हा इंग्रजी ऑपेरा आईला दाखवायचाय. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधल्या २०१३च्या प्रयोगाचं चित्रीकरण आहे. तिच्यासाठी सबटायटल मराठीत करायला बसले आणि लगेच अडले. मार्टिन क्रिम्पच्या संहितेत पात्रं स्वतःबद्दलच तृतीय पुरुषात बोलतात. बाई नवऱ्याला काही सुनावते आणि 'असं बाई म्हणते' हेही स्वतःच गाते! दर ओळीला 'असं म्हणते' लावलं तर बातमीपत्र होतं. नुसतं 'म्हणे' चालेल का?

प्रतिसाद १ : नाही. 'म्हणे' आलं की बोलणारा हात झटकतो. 'बाई म्हणे येत नाही' म्हणजे ऐकीव, खरंखोटं देव जाणे. (आणि 'स्किन'ला 'त्वचा' करू नका, ती क्रीमच्या जाहिरातीतली. कातडीच बरी. गोष्टीतलं पुस्तकही चर्मपत्रावरच लिहिलेलं आहे.)

प्रतिसाद २ : मग 'तुका म्हणे'चं काय? 'तुका म्हणे आता । उरलो उपकारापुरता' ही ऐकीव बातमी वाटते का कुणाला? बोलणारा तोच, आणि 'मी' न म्हणता स्वतःचं नाव घेतो. क्रिम्पची पात्रं करतात ते हेच, फक्त अभंगात ते शेवटी येतं आणि इथे बोलता बोलता मध्येच. शिवाय 'तुका म्हणे', 'जनी म्हणे', रूप एकच. म्हणतो-म्हणतेची कटकट नाही. घोळ टाळायचा तर पुढचं क्रियापद प्रथम पुरुषी ठेवा. 'बाई म्हणे येत नाही' संदिग्ध आहे, 'बाई म्हणे, येणार नाही मी' नाही.

प्रतिसाद ३ : मला तर तो घोळ हवाच वाटतो. कथा मुळात तेराव्या शतकातली दंतकथा : नवरा बायकोच्या प्रियकराला मारून त्याचं काळीज तिला खाऊ घालतो. देवदूत त्या मेलेल्या माणसांना उठवून सगळं पुन्हा करायला लावतात. केटी मिचेलने दिग्दर्शित केलेल्या या प्रयोगात जुन्या घराला लागूनच आजच्या काळातली पांढऱ्या उजेडाची खोली आहे, देवदूत तिथले. म्हणजे ऐकीवच की! मात्र काळीज खाल्ल्यावर, ही चव आता कशानेच जाणार नाही असं ती गाते, तिथे 'म्हणे' चिकटवू नका.

प्रश्नकर्ती : दुसऱ्या प्रतिसादाप्रमाणे केलं. 'बाई म्हणे, भीत नाही मी' अशी ओळ आईला वाचून दाखवली. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "म्हणे भीत नाही! चांगली टरकलीय."