छोट्या वर्कशॉपसाठी अचूक मोजमापाची उपकरणं: आधी काय घ्यावं?

लेथघर:
एक लेथ, एक मिलिंग. काम बेअरिंगच्या शाफ्टचं आणि हाउसिंगचं (बेअरिंग बसतं ते कवच). शाफ्ट 12 ते 45 मिमी, बोअर, म्हणजे आतलं भोक, 28 ते 62. सगळ्यात जास्त येणारं काम 6205 बेअरिंगचं, म्हणजे शाफ्ट 25, बोअर 52. ड्रॉइंगवर शाफ्टला के6 आणि बोअरला एच7 असतं (माप किती कमी-जास्त चालेल, म्हणजे टॉलरन्स, सांगणारे कोड). सध्या 150 मिमीचा डिजिटल कॅलिपर आणि मॅग्नेटिक स्टँडवर प्लंजर डायल एवढंच आहे. सगळं एकदम घेणं जमणार नाही, तर क्रम कसा लावू? मायक्रोमीटर डिजिटल घ्यावा की साधा? बोअरला टेलिस्कोपिक गेज (बोअरमध्ये उघडून लॉक करायचं, मग बाहेर काढून मायक्रोमीटरने मोजायचं) चालेल का?

शून्यरेषा:
आधी टॉलरन्स आकड्यांत लिहून काढा, निम्मा निर्णय तिथेच होतो. 25 के6 म्हणजे 25.002 ते 25.015, पट्टा 13 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे 0.001 मिमी). 52 एच7 म्हणजे 52.000 ते 52.030. तुमचा कॅलिपर 0.01 दाखवतो, पण त्याची मान्य चूकच साधारण ±0.02 मिमी असते (जॉब म्हणजे मोजायचा तुकडा). म्हणजे के6 चा अख्खा पट्टा कॅलिपरच्या चुकीत मावतो. पडद्यावर आकडे जास्त दिसले म्हणून माप अचूक होत नाही. कॅलिपरची स्केल एका रेषेत आणि जॉब दुसऱ्या रेषेत असतो. त्यामुळे जबडा किंचित तिरका झाला की चूक येते, आणि जॉब जबड्याच्या टोकाकडे धरला तर ती वाढते. मायक्रोमीटरमध्ये स्क्रू आणि जॉब एकाच रेषेत असल्याने हा दोष राहत नाही.

पहिली खरेदी 0-25 आणि 25-50 हे दोन मायक्रोमीटर. तोंडं कार्बाइडची आणि रॅचेट (दर वेळी सारखाच दाब देणारी मूठ) असलेले बघा. साधा घेतलात तरी चालेल, मात्र स्लीव्हवर (स्थिर नळीवर) 0.001 ची व्हर्नियर, म्हणजे बारीक वाचनाची जोडपट्टी, असलेला घ्या. फक्त 0.01 वाचणाऱ्यावर 13 मायक्रॉनचा पट्टा सांभाळता येत नाही. दिवसभर मापं घ्यायची असतील तर डिजिटल सोयीचा, कारण अर्धा मिलिमीटर चुकीचा वाचण्याचा धोका टळतो. कूलंट उडत असेल तर आयपी65 दर्जाचाच (धूळ-पाण्यापासून संरक्षण असलेला) घ्या.

25 मिमीचा शाफ्ट दोन्ही मायक्रोमीटरच्या सीमेवर येतो. 0-25 वर 25.010 वाचायला जाऊ नका, ते 25-50 चं काम. त्याचं शून्य सोबतच्या 25 मिमी रॉडवर लावायचं. रॉड मुठीत धरून ठेवू नका, हाताच्या उबेने तो वाढतो.

बोअरबाबा:
बोअरबद्दल सांगतो. टेलिस्कोपिक गेजचं माप पूर्णपणे हाताच्या सवयीवर असतं, तोच माणूस तेच बोअर पुन्हा मोजतो तेव्हा मिलिमीटरचे एक-दोन शतांश सहज इकडेतिकडे होतात. 30 मायक्रॉनच्या पट्ट्यात ते परवडत नाही. डायल बोअर गेज (बोअरमध्ये घालून काट्यावर फरक दाखवणारं) घ्या. 52 आणि 62 ला 50-150 चा लागेल, 35-60 चा नंतर. डायल 0.001 चा असावा.

यात एक गोष्ट सुटते: बोअर गेज 52 ला सेट करायला 50-75 चा मायक्रोमीटर लागतो, तुमचा शाफ्ट 45 च्या वर जात नसला तरी. सेट करताना मायक्रोमीटर स्टँडमध्ये धरून 52.000 ला लॉक करा. गेजचा अदलाबदलीचा अ‍ॅनव्हिल (प्लंजरसमोरचं स्थिर टोक) असा निवडा की या मापाला प्लंजर अर्धा ते एक मिलिमीटर दबलेला असेल. गेज दोन्ही दिशांनी हलवा, काटा जिथून परत फिरतो तिथे शून्य आणा. बोअरमध्येही तसंच झुलवायचं. काटा घड्याळाच्या दिशेने शून्याच्या पुढे गेला तर बोअर लहान आहे, मोठं नाही. नवीन माणूस इथे उलटं वाचतो आणि जॉब बाद करतो.

मायक्रोमीटरची चूक गेजमध्ये जशीच्या तशी उतरते. 52 चं काम रोजचं असेल तर 52 ची मास्टर रिंग (आतलं माप नक्की माहीत असलेली कडी) घ्या, सेटिंगचा वेळही वाचतो.

आणखी एक: तीन जबड्यांच्या चकमध्ये पातळ हाउसिंग आवळून बोअर केलं की चकमधून सुटल्यावर ते तीन टेकड्यांचं होतं. दोन बिंदूंवर मोजणारं गेज असा आकार पकडू शकत नाही, सगळीकडे माप सारखंच दिसतं आणि बेअरिंग मात्र अडतं. असा संशय आला तर तीन बिंदूंचा इंटर्नल मायक्रोमीटरच हवा.

लेथघर:
खूप उपयोग झाला. वापरलेले मायक्रोमीटर मिळतायत, ते घ्यावेत का? आणि स्लिप गेज (उपकरणं तपासायचे नेमक्या मापाचे ठोकळे) कोणत्या ग्रेडचे?

शून्यरेषा:
वापरलेला घेण्यात गैर काही नाही, पण फक्त शून्य बघून घेऊ नका. स्क्रू जिथे जास्त वापरला जातो तिथे झिजतो, शून्यावर तो अगदी बरोबर दिसेल. 2.5, 5.1, 7.7, 10.3, 12.9, 15.0, 17.6, 20.2, 22.8 आणि 25.0 या मापांवर तपासा. हे आकडे मुद्दाम असे आहेत, थिंबल (फिरणारा ढोल) वेगवेगळ्या कोनांत थांबते आणि आट्याची फेरीगणिक येणारी चूकही पकडली जाते. पूर्ण मिलिमीटरच्या मापांवर थिंबल दर वेळी शून्यावरच येते. याच 10 मापांचा तयार संच मिळतो. मोठी मापं जोडायची असतील तर 47 नगांचा घ्या.

ग्रेड 2 पुरेसा आहे. 25 मिमीला त्याची मर्यादा ±0.6 मायक्रॉन, ग्रेड 1 ची ±0.3. मायक्रोमीटरची मान्य चूकच 4 मायक्रॉनच्या आसपास असते, तिथे या फरकाने काही बिघडत नाही. ग्रेडपेक्षा आयएसओ 17025 (कॅलिब्रेशन प्रयोगशाळांचं मानक) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा कॅलिब्रेशन दाखला जास्त मोलाचा. माझं स्पष्ट मत: चौथं उपकरण घेण्याआधी स्लिप गेज घ्या. त्याशिवाय बाकीची खरं बोलतात का, हे कळायला मार्गच नाही.

काम झालं की एकमेकींना चिकटवलेल्या स्लिप लगेच सुट्या करा, पुसून हलकं तेल लावा. मायक्रोमीटर ठेवताना तोंडं किंचित उघडी ठेवा, बंद ठेवली तर गंज धरतो.

डायलप्रेमी:
जॉब चकमध्ये मध्यावर आणायला लिव्हर डायल (बाजूला झुकणाऱ्या टोकाचा डायल), म्हणजे पपी, लवकर घ्या. टोक पृष्ठभागाला जवळपास समांतर ठेवा. 30 अंशांचा कोन झाला तर डायल जास्त दाखवतो, वाचन 0.87 ने गुणावं लागतं. टोक तुटलं तर त्याच लांबीचं बसवा, लांबी बदलली की सगळंच वाचन चुकतं.

लेथघर:
हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर काही वेगळं?

बोअरबाबा:
हो, तापमान. मापं 20 अंशांची धरलेली असतात. मशीनवरून उतरलेला जॉब गेजपेक्षा 15 अंशांनी गरम असेल तर 25 चा स्टीलचा शाफ्ट साधारण 4 मायक्रॉन मोठा दिसतो. 52 चं अ‍ॅल्युमिनियमचं बोअर जवळजवळ 18 मायक्रॉन मोठं दिसतं. म्हणजे गरम असताना 52.010 मिळालं तर थंड झाल्यावर ते 52 च्या खाली जाईल. शेवटच्या कटाआधी जॉब थंड होऊ द्या. गेज, मास्टर रिंग आणि जॉब एकाच टेबलावर ठेवा आणि तिन्ही सारखे झाल्यावरच मोजा.

लेथघर:
ठरलं. आधी 25-50 आणि 10 मापांचा स्लिप संच, मग 0-25, मग 50-75 सोबत 50-150 चा बोअर गेज, नंतर पपी.

शून्यरेषा:
क्रम बरोबर आहे. फक्त त्या संचात 25 च्या वरची मापं नाहीत. 25-50 तपासायला प्रत्येक स्लिप एका 25 च्या स्लिपला चिकटवावी लागेल आणि 50 साठी 25 च्या दोन लागतील, तेव्हा जास्तीची एक 25 ची सोबतच मागवा.